थेंब मोजणारी माणसं

चंद्रपूरहून ताडोब्याच्या रस्त्याला लागलं की शहर संपता संपता दुर्गापूर आणि ऊर्जानगर येतं. महाऔष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या, कोळशाचे ढीग, इरई धरणाचं पाणी आणि कामगारांच्या वसाहती. १९८३ साली इथला २१० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता. एकीकडे साऱ्या महाराष्ट्राला वीज पुरवणारं गाव आणि दुसरीकडे त्याच मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलात, कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासणारा हेमलकशाचा दवाखाना. ही दोन्ही चित्रं एकाच काळातली आहेत.

या दोन टोकांना जोडणारी एक साधी वस्तू आहे: सलाईनची बाटली.

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांपलीकडे जातो. सरकारी रुग्णालयांत उष्माघात कक्ष उघडतात. कोळशाच्या धुळीत आणि तापलेल्या पत्र्याखाली राबणारा एखादा मजूर भोवळ येऊन पडतो, त्याला उचलून आणतात, आणि पहिलं काम असतं शीर शोधून पाणी आणि मीठ आत पोचवण्याचं. हेमलकशाजवळच्या भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येतो, रस्ता बंद होतो, आणि तापानं बेशुद्ध पडलेल्या पोराला खाटेची कावड करून आणावं लागतं. तिथंही पहिलं काम तेच. या बाटलीला वीज लागत नाही. तिला हवी असते हाताहून हातभर उंची, म्हणजे पृथ्वीच्या ओढीनं थेंब आपोआप खाली येतो. आणि हवं असतं जवळ कुणी तरी, ज्याचं लक्ष त्या थेंबावर आहे.

सलाईनचा इतिहास बहुतेकदा द्रावणं, सुया आणि शोध लावणारे डॉक्टर यांचा म्हणून सांगितला जातो. खरं तर तो बाटलीपाशी बसणाऱ्या माणसाचाही इतिहास आहे, आणि या गोष्टीची सुरुवातच मुळी अशा माणसाच्या अभावातून झाली.

सन १८३१. पटकी, म्हणजे कॉलरा, भारतातून निघून युरोपमार्गे इंग्लंडला पोचली होती. विल्यम ओशॉनेसी नावाच्या बाविशीतल्या आयरिश डॉक्टरनं पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासलं आणि सांगितलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत, ते परत घालायला हवेत. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या लीथ या बंदराच्या गावी डॉ. थॉमस लॅटा यांनी ते करून पाहिलं. त्यांची पहिली रुग्ण एक वयस्कर बाई होती. नाडी लागत नव्हती, चेहरा खोल गेला होता, सगळे उपाय थकले होते. लॅटांनी तिच्या दंडातली शीर उघडून चांदीची नळी आत बसवली आणि मीठपाणी सोडायला सुरुवात केली. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग श्वास सावकाश होत गेला, डोळ्यांत तेज आलं, नाडी परत आली, आणि बाई म्हणाली की आता मला कसला त्रास नाही, थोडी झोप हवी.

लॅटा थकले होते. रुग्ण वाचली असं समजून तिला रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून ते घरी गेले. काही वेळातच उलट्या आणि जुलाब परत सुरू झाले. कुणी लॅटांना कळवलं नाही, कुणी नळी पुन्हा जोडली नाही. साडेपाच तासांत ती बाई गेली. ही हकिगत स्वतः लॅटांनीच ‘लॅन्सेट’ला लिहिलेल्या पत्रात नोंदवली आहे. शिरेतून पाणी देऊन माणूस उठवता येतो, हे त्या वेळी सिद्ध झालं. उठलेला माणूस सांभाळण्यासाठी जवळ कुणी तरी असावं लागतं, हेही त्याच वेळी कळलं. पुढच्याच वर्षी लॅटा वारले, पटकीची साथ ओसरली आणि ही पद्धत कित्येक दशकं मागे पडली.

ओशॉनेसी मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आले. तिथल्या मेडिकल कॉलेजात त्यांनी शिकवलं, आणि पुढे भारतात तारायंत्राचं जाळं उभारणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. शिरेतल्या पाण्याची त्यांची कल्पना कलकत्त्यात पुन्हा जिवंत व्हायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. १९०८ च्या सुमारास तिथल्या मेडिकल कॉलेजात डॉ. लिओनार्ड रॉजर्स पटकीच्या रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त मीठ असलेलं द्रावण शिरेतून देऊ लागले. रुग्णाच्या रक्ताचा थेंब वेगवेगळ्या घनतेच्या द्रावणांत टाकून, तो बुडतो की तरंगतो यावरून, किती पाणी द्यायचं ते ते ठरवत. आधी शंभरातले साठेक रुग्ण दगावत. रॉजर्सच्या पद्धतीनं हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

याच रॉजर्सनी कलकत्त्यात स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन उभं केलं. आणि याच संस्थेत १९४९ साली कुष्ठरोगाचा अभ्यास करायला चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या वरोऱ्याहून एक वकील गेला. त्याचं नाव मुरलीधर देवीदास आमटे. आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमट्यांनी तिथं कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेण्याची तयारी दाखवली होती. लीथपासून निघालेली ही ओळ कलकत्त्यावरून वरोऱ्यापर्यंत अशी येऊन पोचते.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा इथं बाबांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहायला आले. डॉ. प्रकाश यांनी शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण सोडलं होतं, तर डॉ. मंदाकिनी भूलशास्त्र शिकलेल्या होत्या. आजूबाजूला माडिया गोंडांची वस्ती. वीज नाही, धड रस्ता नाही, आणि आजारी माणसानं पुजाऱ्याकडे जायचं ही पिढ्यांची रीत. परक्या माणसाच्या हातून अंगात सुई टोचून घ्यायची, हे पटायला वेळ लागला. विश्वास बसला तो मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसांमुळे, आणि त्यांत मोठा वाटा मेंदूच्या मलेरियाच्या रुग्णांचा होता.

गडचिरोलीच्या जंगलात फाल्सिपारम जातीचा मलेरिया घर करून आहे. हा ताप डोक्यात चढला की झटके येतात, माणूस बेशुद्ध होतो, तोंडानं गोळी गिळता येत नाही. त्या काळी अशा रुग्णाला क्विनाइन शिरेतूनच द्यावं लागे. आणि क्विनाइन हे घाईचं औषध नव्हे. ते एकदम शिरेत ढकललं तर रक्तदाब कोसळतो, हृदयाची लय बिघडते, माणूस हातचा जातो. म्हणून ते ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून चार तासांत थेंबाथेंबानं सोडायचं आणि दर आठ तासांनी पुन्हा द्यायचं.

इथं गणित येतं. नेहमीच्या नळीतून २० थेंब पडले की एक मिलिलिटर होतो. ५०० मिलिलिटरची बाटली म्हणजे १०,००० थेंब. चार तास म्हणजे २४० मिनिटं. मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून, दुसऱ्या हातानं नळीवरचं छोटं चाक मागंपुढं करत हे थेंब मोजायचे. रुग्णानं कूस बदलली, हात दुमडला, की वेग बदलतो, मग पुन्हा मोजायचे. शिवाय क्विनाइननं रक्तातली साखर उतरते, गरोदर बाईची तर झपाट्यानं. म्हणून रुग्ण घामाघूम झाला, पुन्हा गुंगीत गेला, तर तो आजाराचा जोर आहे की साखर उतरली आहे, हे जवळच्या माणसालाच ओळखावं लागतं. कंदिलाच्या उजेडात ४२ थेंब मोजत रात्र काढणं हे त्या उपचाराचं अर्धं काम होतं.

२००५ साली हे चित्र बदलायला लागलं. बांगलादेश, म्यानमार, इंडोनेशिया आणि भारत या चार देशांत १,४६१ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध झाली. भारतातले रुग्ण ओडिशातल्या राउरकेल्याचे होते, म्हणजे आपल्यासारख्याच जंगलपट्ट्यातले. क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट हे दुसरं औषध दिलेल्यांपैकी १५ टक्के. आर्टेसुनेटची सुई काही मिनिटांत शिरेत देऊन होते: पहिली लगेच, दुसरी बारा तासांनी, तिसरी चोवीस तासांनी, मग रोज एक. चार चार तासांचा पहारा सुटला. औषध बदलल्यानं जीव वाचले, आणि आडवाटेच्या दवाखान्यातल्या सिस्टरचे तासही वाचले. एका रात्री चार झटकेवाले रुग्ण आले तर त्या तासांचं मोल किती, ते तिलाच ठाऊक.

आता सुईकडे वळू.

जुन्या पिढीतल्या सिस्टरांना उकळत्या पाण्याचा स्टेनलेस स्टीलचा डबा आठवतो. त्यात काचेच्या सिरिंजा आणि धातूच्या सुया खळखळत असत. सुई बोथट झाली की दगडावर घासून टोक काढायचं. टोकाला बारीक आकडा राहिला आहे का, हे कापसावरून सुई ओढून पाहायचं, कापसाचा धागा अडकला की सुई पुन्हा दगडावर. अमेरिकेतही वेगळं नव्हतं. १९४० साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं आडा प्लमर या परिचारिकेला फक्त शिरेतल्या उपचारांसाठी नेमलं. या कामासाठी नेमलेली ती पहिली परिचारिका मानली जाते. तोवर शिरेत सुई घालणं हे डॉक्टरचंच काम समजलं जाई. प्लमर यांच्या कामात रक्त आणि द्रावणं चढवणं होतं, तसं नळ्या धुणं आणि सुयांना धार लावणंही होतं. पुढे त्यांनीच मार्गरीट नाइट यांच्या बरोबर अशा परिचारिकांची संघटना काढली. ते वर्ष होतं १९७३, हेमलकशाचंच.

धातूच्या सुईचा मोठा दोष असा की ती शिरेत ताठ राहते. रुग्ण जरा हलला की टोक शिरेची भिंत फोडून बाहेर जातं आणि पाणी मांसात साचतं. हात फुगतो, दुखतो. वॉर्डातल्या भाषेत ‘सलाईन आऊट झालं’. मग दुसरी शीर, दुसरं टोचणं. १९५० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड मासा या डॉक्टरनं सुईवर प्लास्टिकची बारीक नळी चढवली. सुईनं वाट करायची, मऊ नळी आत सरकवायची आणि सुई काढून घ्यायची. शिरेत राहते ती फक्त नळी, हाताबरोबर वाकणारी. त्याचीच सुधारलेली रूपं आज गावोगावच्या दवाखान्यात दिसतात. आपल्याकडे कंपन्यांची नावंच त्या वस्तूची नावं झाली. कुणी तिला ‘वेनफ्लॉन’ म्हणतं, कुणी ‘इंट्राकॅथ’. सिस्टर मात्र बहुतेकदा रंगानंच बोलतात. ‘गुलाबी दे’ म्हणजे मोठ्या माणसाची नेहमीची २० नंबरची, ‘निळी’ म्हणजे २२, ‘पिवळी’ म्हणजे तान्ह्या पोरांची २४. अपघातात रक्त वाहून गेलेला माणूस आला तर ‘हिरवी’, १८ नंबरची जाड, कारण नळी जितकी रुंद तितकं पाणी भराभर आत जातं.

बाटलीचाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो बराच दुःखद आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिरेतून पाणी दिलं की कित्येक रुग्णांना हुडहुडी भरून ताप येई. पाणी तर उकळलेलं, जंतू मेलेले, मग ताप कशाचा? १९२३ च्या सुमारास फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेनं दाखवून दिलं की मेलेल्या जंतूंचे अवशेष पाण्यात उरतात आणि तेच ताप आणतात. पाणी ऊर्ध्वपातनानं नीट शुद्ध केलं आणि लगेच वापरलं, तर ताप येत नाही. त्यानंतर १९३० च्या दशकात कारखान्यात बंद केलेल्या काचेच्या बाटल्या आल्या.

पण कारखान्यातही माणूस लागतोच. १९७२ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या डेव्हनपोर्ट रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर ग्लुकोज चढवलेले पाच रुग्ण दगावले. चौकशीत निघालं की कारखान्यात बाटल्या निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात हवा अडकून राहिली होती. वरच्या बाटल्या तापल्या, तळाच्या पुरेशा तापल्या नाहीत. तळाचं तापमान नोंदवणारा काटा चढलाच नव्हता, पण तो बिघडलेला असेल असं समजून कामगारांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. लीथला रुग्णाकडे कुणी पाहिलं नव्हतं, डेव्हनपोर्टच्या प्रकरणात काट्याकडे पाहूनही विश्वास ठेवला नाही.

आपल्याकडच्या वॉर्डांतही या गोष्टीचा एक धागा सापडतो. काचेची किंवा कडक बाटली रिकामी होताना आत हवा जावी लागते, नाहीतर धार थांबते. म्हणून वेगळी सुई खुपसून वाट करायची सवय पडली. पुढे मऊ प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. त्या रिकाम्या होताना आपोआप आत चेपतात, त्यांना हवेची गरज नसते. तरी बाटलीच्या तळाला सुई टोचायची जुनी सवय कित्येक ठिकाणी टिकून राहिली. ज्या वाटेनं हवा जाते त्याच वाटेनं धूळ आणि जंतूही जातात, हे आता परिचर्येच्या शिक्षणात आवर्जून सांगितलं जातं.

या साऱ्या काळात गावात सलाईनला एक वेगळीच प्रतिष्ठा मिळाली होती. धान रोवणीच्या दिवसांत कंबर मोडून काम केलेला शेतमजूर बाजाराच्या दिवशी गावच्या डॉक्टरकडे जाऊन म्हणे, ‘अशक्तपणा वाटते, एक सलाईन लावा.’ बाटलीत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होई, आणि पिवळं सलाईन जास्त ताकदीचं, असा समज पसरला. तास दोन तास पडून राहिल्यावर बरंही वाटे, कारण त्या माणसाला कित्येक दिवसांत एवढा वेळ पाठ टेकायला मिळालेली नसे. पण पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच चमचे. त्यातून मिळणारी ताकद शंभर कॅलरीच्या आतबाहेर. मिठाच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. दिवसभराच्या मजुरीचे पैसे देऊन माणूस घरच्या डब्यातली साखर आणि मीठ विकत घेत होता, आणि वर सुईचा धोका.

हा धोका खरा होता. २००० नंतरच्या पहिल्या दशकात देशभर झालेल्या एका मोठ्या पाहणीत असा अंदाज निघाला की भारतात वर्षाला ३०० कोटींच्या आसपास इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश असुरक्षित असतात. कुठे सुई पुन्हा वापरलेली, कुठे नीट न उकळलेली, कुठे वापरून उघड्यावर टाकलेली. काविळीचे विषाणू आणि पुढे एचआयव्ही यांच्या भीतीनं एकदाच वापरायच्या सिरिंजा रुळल्या. ‘डिस्पोव्हॅन’ हे नाव तर इतकं मुरलं की गावचा म्हातारा डॉक्टरला सांगू लागला, ‘नवी फोडून वापरा हो.’ हे सांगायला शिकणं हाही आरोग्याच्या इतिहासातला एक टप्पाच आहे.

बाटली टाळण्याची मोठी गोष्ट मात्र याच्या बरीच आधीची, आणि तीही बंगालमध्येच घडली. १९७१ च्या बांगलादेश युद्धात सीमेवरच्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी पाण्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळून ते तोंडानं पाजायला सुरुवात केली, आणि पाजण्याचं काम रुग्णांच्या आया-बहिणींवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. आज आपण ज्याला जलसंजीवनी म्हणतो, तिचा इतक्या मोठ्या संकटातला हा पहिला कस. इथंही बाटलीजागी भांडं आलं, पण जवळ बसून घोट घोट पाजणारं माणूस तसंच राहिलं. नुसतं पाकीट देऊन भागत नाही, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा चमचा द्यावं लागतं.

गडचिरोलीत याच वाटेवरचं पुढचं पाऊल पडलं. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तान्ह्या बाळाला जंतुसंसर्ग झाला तर रुग्णालयात भरती करून शिरेतून प्रतिजैविकं द्यावीत, असं पुस्तक सांगत होतं. पण बाळंतिणीला आणि बाळाला घराबाहेर काढायचं नाही, ही रीत पक्की होती, आणि रुग्णालयही लांब. मग त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचे श्वास मोजायचे, दूध ओढत नाही हे ओळखायचं, आणि घरच्या खाटेवर मांडीत जेंटामायसिनची सुई द्यायची. ३९ गावांत ही आरोग्यदूत मंडळी फिरू लागली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं. ज्या नियतकालिकात लॅटांनी आपली हरलेली केस लिहिली होती, त्याच नियतकालिकात १६७ वर्षांनी गडचिरोलीच्या फार शाळा न शिकलेल्या बायकांचं यश छापलं गेलं. त्यांच्याकडे सलाईनचं स्टँड नव्हतं. दररोज बाळापाशी जाऊन बसणं मात्र होतं.

काही आजारांत शिरेशिवाय गत्यंतर नाही. रोवणीच्या चिखलात किंवा मोहफुलं वेचताना साप चावला तर प्रतिविष शिरेतूनच द्यावं लागतं, सलाईनमध्ये मिसळून तासाभरात. पहिल्या काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात का, श्वास अडकतो का, हे जवळ उभं राहून पाहावं लागतं. लोक या प्रतिविषाला ‘सापाची लस’ म्हणतात.

आणि सिकलसेल. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या कित्येक घरांत या आजाराची ओळख डॉक्टरच्या आधी दुखण्यानं झालेली असते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फुटतील अशा कळा येतात. मग पाणी चढवायचं, वेदनेचं औषध द्यायचं, कधी रक्त द्यायचं. लहानपणापासून दोन्ही हात टोचून टोचून शिरा निबर होतात. ‘शीर मिळत नाही’ हे वाक्य अशा मुलांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं की दहा वर्षांची पोरगी सिस्टरला आपणच सांगते, ‘या हातावर नका बघू, त्या हातावर अंगठ्याच्या मागची चांगली आहे.’ अशा रुग्णाची एकेक शीर जपून वापरणं, हे शिरेच्या परिचर्येतलं सर्वांत नाजूक काम. मनगटापासून वर चढत जायचं, एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचायचं नाही, दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा हट्ट न धरता अधिक सराव असलेल्या हाताला बोलवायचं.

चांगल्या हाताची सिस्टर कशी ओळखायची, ते वॉर्डात थोडा वेळ बसलं तरी कळतं. ती रबरी नळी दंडाला बांधते, पण डोळ्यांनी शीर शोधत नाही, बोटानं शोधते. सावळ्या कातडीखाली, सुजलेल्या हातात, शीर दिसत नाही पण लागते, दाबलं की उसळणारी. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून ती वाळेपर्यंत थांबते, पुन्हा तिथं बोट लावत नाही. कातडी खाली ताणून धरते, सुई तिरपी घालते, मागच्या पारदर्शक टोकात रक्ताचा लाल ठिपका दिसला की सुई तिथंच थांबवून नळी पुढे सरकवते. मग चिकटपट्टी. लहान मूल असेल तर सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्यावर कापूस आणि बँडेज गुंडाळून केलेली फळी हाताखाली बांधते, कोपर दुमडू नये म्हणून. आणि शेवटी पट्टीवर पेननं तारीख आणि वेळ लिहिते.

या तारखेलाही इतिहास आहे. आत ठेवलेली नळी तीन-चार दिवसांनी बदलायचीच, असा नियम वर्षानुवर्षं होता. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात क्लेअर रिकर्ड या परिचारिका-संशोधिकेच्या गटानं ३,२८३ रुग्णांवर तपासून दाखवलं की ठरल्या दिवशी बदला किंवा गरज पडेल तेव्हा बदला, शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच राहतं. पण ‘गरज पडेल तेव्हा’ या शब्दांमागे एक अट आहे. गरज पडली हे कुणीतरी पाहिलं पाहिजे. रोज, प्रत्येक पाळीत, पट्टीखाली लाली आहे का, शीर दोरीसारखी लागते का, रुग्ण ‘इथं हुळहुळते’ म्हणतो का. नियम सैल झाला की पाहणाऱ्याची जबाबदारी वाढते, आणि ज्या वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे सगळ्या खाटा असतात तिथं ती पेलणं कठीण असतं. त्या वेळी रुग्णाची आई किंवा मावशी तिचे दुसरे डोळे होतात. ‘सिस्टर, बाटली संपली, नळीत रक्त चढलं, हवा जाईल!’ हा आवाज महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी वॉर्डात रात्री ऐकू येतो. बाटली संपली म्हणून हवा लगेच शिरेत ओढली जात नाही, शिरेतला दाब रक्तच नळीत उलटं ढकलतो. पण ते रक्त गोठलं तर नळी बंद पडते आणि पुन्हा टोचावं लागतं. त्या मावशीची हाक म्हणूनच योग्य असते.

२०१५ पासून चंद्रपुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अतिदक्षता विभागात आता थेंब मोजायला यंत्रं आहेत. किती मिलिलिटर, किती तासांत, हे आकडे भरले की यंत्र तेवढंच सोडतं आणि अडलं की ओरडतं. तरी मृगाच्या आधीच्या एखाद्या रात्री वावटळ उठते, तारांवर फांदी पडते, आणि विजेच्या या जिल्ह्यातही वॉर्ड काळोखात बुडतो. यंत्र काही वेळ आपल्या बॅटरीवर चालतं, मग तेही ओरडू लागतं. सिस्टर नळी यंत्रातून सोडवते, बाटली स्टँडच्या वरच्या आकड्याला अडकवते, आईला म्हणते, ‘जरा मोबाईलचा उजेड धरा.’ मग मनगटावरचं घड्याळ थेंबाशेजारी नेते आणि पुटपुटत मोजायला लागते. एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस.